हाताला सांगणारी जॉयस्टिक

लढाऊ विमानांच्या गेमसाठी कोणती जॉयस्टिक घ्यावी, हे आठवडाभर इंटरनेटवर वाचूनही माझं ठरत नव्हतं. दुकानात गेलो, तर पन्नाशीचे एक गृहस्थ आधीच उभे होते. बजाजनगरच्या कारखान्यांच्या भागातले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. दुकानदार त्यांना मोटर बसवलेल्या महागड्या जॉयस्टिकचा नुसता खोका दाखवत होता.

"खोका काय बघायचा? चालू करा."

दुकानदारानं ती संगणकाला जोडून विमानाचा गेम लावल्यावर त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही खिशात टाकली. मशीनला हात लावण्याआधीची सवय. उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. उरलेल्या बोटांनी दांडा धरून, डोळे मिटून ते तो मागं ओढत राहिले. पडद्यावरचं विमान नाक वर करत वेग हरवून कोसळायच्या बेतात आलं, तसा दांडा मुठीत थरथरायला लागला. त्यांनी डोळे न उघडताच हात सैल सोडला. विमान सावरलं.

"बिनमोटरची, साधी स्प्रिंगवाली लई स्वस्त आहे," मी म्हणालो.

"ती गप बसती. ही आधी सांगती." त्यांनी अंगठी परत घातली. "आमचं पत्रा दाबायचं प्रेस मशीन काहीच बोललं नाय."

मी तीच घेतली. हल्ली खेळायला बसताना घड्याळ काढून ठेवतो.