मी काहीही कबूल करणार नाही!

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा! पण हातातला चहा सांभाळा, मग सांगतो.

मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर. राहायला चिखलीत. दोन वर्षं झाली, मला शुगर आहे. कंपनीच्या डॉक्टरांना माहीत, बायकोला माहीत, पण लाइनवर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. शुगरवाला म्हटलं की आधी मशीनवरून काढतील, मग घरी बसवतील, ही भीती. पण शुगर गप्प बसते का राव? दर तासाला बाथरूम! सुपरवायझर म्हणायचा, "जाधव, तिकडंच खुर्ची टाकून देऊ का?"

एक दिवस हातात चिठ्ठी आली. 'मंगळवार, चार वाजता, ट्रेनिंग रूम, काउन्सिलिंग.' बस्स, एवढंच.

आमच्याकडं काउन्सिलिंग म्हणजे काय, माहीत आहे का? दांडीबहाद्दराला एचआरवाला खुर्चीत बसवतो, पाणी देतो, गोडगोड बोलतो आणि 'पुन्हा असं होणार नाही' असं लिहून घेतो. मग वॉर्निंग लेटर. मग चार्जशीट. मग गावाकडं शेळ्या वळा!

तडक युनियनच्या दत्ताभाऊंना गाठलं. माणूस मूळचा कुरुळीचा, भारी वजनदार.

"भाऊ, बाथरूमवरून काढतायत मला!"

"घाबरू नगं. कायबी कबूल करायचं न्हाई, कशावर सही करायची न्हाई. आन् तासभर जागचा हलू नगं. हललास की त्यांच्या हातात पुरावाच!"

गेलो. खोलीत दहा-बारा जण गोल करून बसलेले. स्टोअरचे कांबळे, कँटीनच्या शेवंतामावशी... म्हटलं, अरे देवा, यांनाही काढतायत! मधोमध बाहेरून आलेल्या एक मॅडम.

"इथं बोललेलं बाहेर जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

हं! सगळे असंच म्हणतात.

"जाधव, तुम्हाला त्रास कधीपासून आहे?"

"मला कसलाच त्रास नाही."

"आधी आपण स्वीकारायला हवं ना?"

"मी काहीही स्वीकारणार नाही! कबूलही करणार नाही!"

"होतं असं सुरुवातीला," मॅडम हळूच म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवंतामावशींनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, फितूर झाली बाई!

तेवढ्यात सह्यांसाठी एक कागद फिरायला लागला. इकडं माझी अवस्था काय विचारता! पाऊण तास झालेला, पायावर पाय घट्ट आवळून मी देवाचं नाव घेतोय. तरी तसाच उभा राहिलो.

"भावांनो, मावशी, पेनं खाली! एकही सही द्यायची नाही! आज आपल्याला काढतील, उद्या आपल्या पोरांना!"

पटापट पेनं खाली. कांबळे तर जोरात ओरडले, "कामगार एकजुटीचा..." दोघं-तिघं म्हणाले, "विजय असो!"

मग मावशींनी चष्मा लावला आणि कागद मोठ्यानं वाचला.

"'आम्हा आजारी कामगारांना बाथरूमसाठी, औषधासाठी शिफ्टमधे दर तासाला पाच मिनिटं सुट्टी मिळावी.'" चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "अवो जाधव, मला संधिवात, ह्या कांबळ्यांना डायलिसिस. आमी दुखण्याचं बोलायला जमलोय. तुमी कशाचं आंदोलन काढलं?"

दुखण्याचं काउन्सिलिंग! असंही असतं, हे मला कुणी सांगितलं होतं का?

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. आणि मग जे तोंड सुटलं! "मॅडम, मी कामचुकार नाही. शुगर आहे मला. दोन वर्षं गोळ्या लपवून खातोय. नोकरी जाईल म्हणून रोज जीव मुठीत धरून येतो." बोलता बोलता डोळ्यांत पाणीच आलं. टाळ्या पडल्या. मावशी पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी कागद ओढला आणि सगळ्यात पहिली सही ठोकली.

मॅडमनी मायेनं विचारलं, "किती दिवसांचं साचलं होतं, बघा! आता मोकळं वाटतंय ना?"

"अजून कुठं, मॅडम!" मी दाराकडं पळत ओरडलो, "मोकळा व्हायलाच चाललोय!"