बेसची तीन बटणं

दादाच्या बेस गिटारचं मधलं बटण खाली सरकवलं की आवाज बंद पडायचा. वर नेलं की ॲम्प्लिफायर फुटाण्यासारखा तडतडायचा. दादा उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून बेस भिंतीला टेकून उभा होता.

खंडेनवमी दुसऱ्या दिवशी होती. वहिनी म्हणाली, "भावजी, यंदा सण नाही. तरी हत्यारं पूजेला मांडायची, तर बेस हवाच. पण बंद पडलेली वस्तू मी पाटावर ठेवणार नाही. वाजला तर मांडू. नाहीतर त्यांच्या मित्राला देऊन टाकू, सुटे भाग तरी कामाला येतील."

तो मित्र दुपारीच येऊन खाटेवर बसला होता. दादाबरोबर ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. घरी चादरींचे माग.

"मास्तर, पुस्तक वाचून गिटार दुरुस्त व्हतंय व्हय?"

"बघू."

"बघू काय? एकदा उघडलं की परत बसत न्हाय ते. असली बटणं आता कुटं मिळतेत?"

मलाही तीच भीती होती. वरून सफाईचा स्प्रे मारून पाहिला, तर तडतड वाढली. म्हणजे उघडणं आलं. शाळेच्या प्रयोगशाळेत मी सोल्डरिंग बरंच केलं होतं, त्यामुळे तारा सहज सुटल्या. अवघड काम पुढे होतं. बटणाचा डबा पत्र्याच्या चार बारीक कानांनी मिटलेला होता. असे कान एकदा वाकतात, कधी दोनदा, मग तुटतात. आतली स्प्रिंग उडून जाऊ नये म्हणून पारदर्शक पिशवीत हात घालून मी एकेक कान उचलू लागलो. तिसऱ्या कानाच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली. मी थांबलो. मित्र खाटेवरून उतरून जवळ आला.

डबा उघडला. आत कापसाचे तंतू, काळं चिकट तेल, आणि त्या चिखलात लाल रंग. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवला, तो लालभडक होऊन निघाला.

दर खंडेनवमीला वहिनी हळदकुंकवाची चिमूट नेमकी या बटणांवर सोडायची, कारण दादाची बोटं तिथेच असायची. बटण अडकलं की दादा वरून तेल सोडायचा. मी कापूस मुठीत धरला. वहिनी दारात उभी होती.

"काय निघालं, भावजी?"

मी काही म्हणायच्या आत मित्र बोलला. "तेल, वहिनी. माझंच. मागाला चालतंय तर याला का न चालावं, म्हणून मीच दिलतं त्याला. दोगंबी येडी की आमी."

वहिनी हसली नाही. तिने माझी मूठ उघडली आणि कापूस उजेडात धरला.

"हे माझ्या करंड्यातलं आहे," ती म्हणाली. मग कापूस परत माझ्या हातात देत म्हणाली, "नीट पुसा," आणि आत गेली.

तांब्याच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. स्प्रिंग बसवली. झाकण लावून कान दाबले. तिसरा सगळ्यात शेवटी. पांढरी रेघ रुंदावली, पण कान टिकला. बाकीच्या दोन बटणांना मी हात लावला नाही. तारा जोडल्या.

मित्राने ॲम्प्लिफायर लावला आणि मधलं बटण वर नेऊन पुन्हा खाली सरकवलं. तडतड नव्हती. काहीच नव्हतं. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. मग त्याने जाड तार छेडली, आणि फळीवरची ताटं थरथरली.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"पुन्हा," वहिनी आतूनच म्हणाली.

त्याने पुन्हा छेडली.

दुसऱ्या दिवशी बेस पाटावर होता. उन्हाळ्यापासून न उघडलेला करंडा वहिनीने उघडला. कुंकू तळहातावर पाण्यात कालवलं, बेस हळूच वळवला, आणि वरच्या टोकाला, खुंट्यांच्या मागे जिथे नुसतं लाकूड आहे तिथे, बोटाने एक टिळा लावला. मग तो वाळेपर्यंत बेस तसाच धरून बसली.