फौजींचा कागद, अक्षदाची वही

महाळुंगे पडवळ गावच्या अक्षदाला कोणी विचारलं, की आज दिवसभर काय केलंस गं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "काय नाय." म्हशीचं शेण काढून, विहिरीवरून सहा खेपा पाणी आणून, बापाला रानात भाकरी पोचवून, येताना गवताचा भारा डोक्यावर घेऊन आलेली पोरगी हे सांगत असे. आणि ती खोटं बोलत नसे, तिला खरंच तसं वाटे. तिच्या आईला, साळुबाईलाही तसंच वाटे. आमच्याकडच्या बायका कामं मोजत नाहीत. मोजायला बसल्या तर करणार कोण?

दोन हजार एक साली अक्षदा बारावी झाली. त्याच वर्षी मंचरच्या चौकात तिनं एक पोलीस बाई पाहिली. कांद्यानं भरलेला ट्रक त्या बाईनं नुसता हात वर करून थांबवला, आणि ड्रायव्हर मुकाट्यानं थांबला. झालं! घरी येऊन तिनं जाहीर केलं, पोलीस व्हायचं. तिचा बाप कुंडलिक पानाला चुना लावता लावता म्हणाला, "दोनदा बघ. दोनदा न्हाई झालं, तर तिसऱ्यांदा माझ्यापुढं तो इषय काढायचा न्हाई." कारण आळे गावचं एक स्थळ आधीच सांगून आलं होतं. माणसं बरी होती, बागायत होती, आणि दोन भरत्यांपुरती थांबायला कशीबशी तयार होती.

धावण्याची अक्षदाला काळजी नव्हती. एसटी चुकली की ती मंचरपर्यंत अर्धी वाट पळतच काढी. घोडं अडलं ते गोळ्यापाशी. चार किलोचा लोखंडी गोळा, सहा मीटर गेला तर पुरे गुण. शिकवायला कोणी नाही, तेव्हा तिनं आपला व्यायाम आपणच ठरवला. म्हणजे काय, तर जो जे सांगेल ते त्यात घातलं. तालमीत जाणाऱ्या चुलत्यानं सांगितलं म्हणून जोर, पेपरात आलं म्हणून दोरीवरच्या उड्या, टीव्हीत दिसलं म्हणून विटा बांधलेली काठी उचलणं. बैठका पाचशे, कारण पाचशे हा आकडा ऐकायला बरा वाटतो. आणि गोळा नव्हता म्हणून कांद्याच्या काट्यावरचं पाच किलोचं माप. जड फेकायची सवय झाली की हलकं आपोआप लांब जाईल, हा तिचा हिशोब. रोज साठ वेळा ते चपटं माप तिनं बांधावरून फेकलं. महिन्याभरात कोपर सुजलं, आणि पहिल्या भरतीत गोळा पाच मीटरलासुद्धा पोचला नाही. कुंडलिक फक्त एवढंच म्हणाला, "एक झालं."

मग दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर ती गोरख फौजींकडे गेली. फौजी वीस वर्षं पलटणीत काढून आलेले, आणि मंचरला शाळेच्या मैदानावर भरतीच्या पोरापोरींना शिकवायचे. माणूस सरळ, पण कडक. प्रत्येकाच्या हातात ते एक झेरॉक्स कागद द्यायचे. सोमवारी पाय, मंगळवारी पळणं, बुधवारी गोळा, असं आठवड्याचं सगळं त्यात आखलेलं. रविवारसमोर एकच शब्द होता, विश्रांती. "ह्यात हाय तेवढंच करायचं. एक बैठक जास्त न्हाई, एक कमी न्हाई. ह्या कागदावर मी चाळीस जण नोकरीला लावलेत," ते सांगत. आणि ते खरंच होतं.

अक्षदानं कागद चुलीपासून लांबच्या भिंतीला खळीनं चिकटवला आणि अक्षर न् अक्षर पाळला. गोळा हातात कसा धरायचा, हनुवटीखाली कुठं टेकवायचा, जोर पायातून कसा आणायचा, हे तिला पहिल्यांदा कळलं. पंधरा दिवसांत गोळा सव्वापाच मीटर गेला. ती हरखली. मग बटाट्याची काढणी आली, पाठोपाठ कांदा आला, आणि गोळा मागं येऊ लागला. सव्वापाचाचा पाच झाला, पाचाचा पावणेपाच. कागद तोच, मैदान तेच, पोरगी तीच. सकाळी उठताना मात्र मांड्या दगडासारख्या व्हायच्या.

फौजींना राग आला. "तू चोरून जास्त करतीस."

"देवाशप्पत नाय, सर."

"मग कागद चुकतोय व्हय? सांग, सकाळपासनं काय काय करतीस."

"काय नाय. घरचंच."

"घरचंच म्हंजी काय? एकेक सांग."

अक्षदा सांगत गेली. गोठा, पाण्याच्या खेपा, भारा. काढणीच्या दिवसांत बटाट्याच्या पाट्या सरीतून बांधावर, दिवसाला शंभरेक तरी. ती बोलता बोलताच मध्ये थांबली. इतक्या वर्षांत हे सगळं तिनं एका दमात कधी म्हटलंच नव्हतं, आणि आता म्हणताना तिची तीच दचकली. पलटणीत फौजींना ताट वाढून मिळायचं आणि पाणी नळाला यायचं. त्यांचा कागद अशाच माणसांसाठी होता. पण कागदात फेरफार करायची त्यांची तयारी नव्हती. "कामं कमी कर," म्हणाले, आणि शिट्टी वाजवून पुढच्या रांगेकडे गेले. सांगायला त्यांचं काय जात होतं! कांदा काय त्यांची शिट्टी ऐकून जमिनीतून वर येणार होता?

एसटीत बसल्या बसल्या अक्षदानं शंभर पानी वही काढली. डाव्या बाजूला फौजींचा आठवडा लिहिला, उजव्या बाजूला घरचा. मग एकेक ओळ ताडून पाहू लागली. ज्या दिवशी पाट्या वाहायच्या, त्या दिवशी बैठका खोडल्या, कारण पायांचं काम होऊन गेलं होतं. भाऱ्याच्या दिवशी खांद्यांचा व्यायाम खोडला. पण गोळ्याचे दिवस मात्र तिनं जसेच्या तसे ठेवले, आणि जड माप फेकायचं पुन्हा मनातही आणलं नाही. फौजींना जे कळत होतं ते तिला कळत नव्हतं, हे ती पहिल्या वर्षी कोपर सुजवून शिकली होती. आणि तिला जे ठाऊक होतं ते फौजींना ठाऊक नव्हतं. दोन्ही मिळून एका पानावर बसलं. एक रविवार तेवढा बसेना. कागदावर विश्रांती लिहिणं सोपं, साळुबाईच्या घरात ती घेऊन दाखवा.

पहिल्या रविवारी अक्षदा ओट्यावर पाय सोडून बसली. साळुबाईनं आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नाही म्हटल्यावर तिचा पारा चढला. "धडधाकट पोरगी दिवसाउजेडी बसून ऱ्हाती? लोक काय म्हनत्याल? ऊठ, गोठा झाड."

गोठ्यात कुंडलिक होता. त्याचा हिऱ्या नावाचा शर्यतीचा बैल होता, आणि जत्रेच्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीला, तो पळायचा होता. महिनाभर हिऱ्याच्या मानेवर जू नाही. सकाळ-संध्याकाळ नुसता फिरवायचा, अंग चोळायचं, उडदाचं पीठ, दूध, वर रोज चार अंडी. घरातल्या कोंबड्यांची अंडी घरातल्या माणसांनी शेवटची कधी खाल्ली, ते कोणाला आठवत नव्हतं.

अक्षदा खराटा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "आण्णा, वरच्या तुकड्याला नांगर घालायचाय ना? हिऱ्याला जुंपा की आज."

कुंडलिकनं तिच्याकडे पाहिलं. "येडी का खुळी? आठ दिवसांवर घाट आलाय. आत्ता जुंपला तर पळंल का तो?"

"मग माझा घाट बावीस दिवसांवर आलाय, आण्णा. मला मात्र तुमी रोज जुंपताय. मी कशी पळू?"

बोलून गेली, आणि मग तिला रडू आलं. खराटा भिंतीला टेकवून ती तिथंच दावणीपाशी बसली आणि पोटभर रडली. दोन वर्षांचं साचलेलं होतं. कुंडलिक बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा. बैलाचं काय चुकतं, काय मानवतं, हे या माणसाला डोळे मिटून कळे. पोरीचं कळायला ती स्वतः सांगेपर्यंत वाट पाहावी लागली, याची त्याला लाज वाटली. त्यानं खराटा उचलला आणि गोठा झाडायला लागला.

साळुबाई दारातून बघत होती. "बैलाशी बरोबरी करती, बया!" म्हणून ती आत गेली. पण दुसऱ्या दिवशी हिऱ्याच्या पिठात दोनच अंडी पडली. उरलेली दोन उकडून, सोलून अक्षदाच्या ताटात आली. कुंडलिकनं मोजली, आणि न मोजल्यासारखं केलं. गवताचा भारा तो स्वतः आणू लागला. बांधावरची माणसं हसली, "काय राव, पोरीचं काम करताय?" तर तो म्हणे, "तिची भरती हाय." रविवारी अक्षदा खुशाल झोपली. गंमत अशी, की शेजारच्या बायकांना आधी ते खटकलं, आणि मग त्याही दर रविवारी दुपारी तिच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या.

हिऱ्याचं त्या वर्षी विचारू नका. घाटात तो मध्येच वळला आणि प्रेक्षकांत शिरला. गावानं दोष त्या दोन अंड्यांना दिला.

भरती पुण्याला होती. पळणं, उडी निभावून गेली. गोळ्याला तीन संधी. मांड्यांत दगड नव्हते, पाय हलके होते. पहिला गोळा पाच मीटर सत्तर. आजवरचा सगळ्यात लांब, पण पुरेसा नाही. दुसऱ्याला घाईत पाय रेषेबाहेर पडला, बाद. कुंपणापलीकडे फौजी उभे होते, त्यांनी डोळेच मिटून घेतले. तिसऱ्या वेळी अक्षदानं घाई केली नाही. गोळा हनुवटीखाली टेकवला, गुडघे वाकवले, आणि सगळा जोर खालून वर येऊ दिला. टेप धरणाऱ्या शिपायानं आकडा दोनदा वाचला. सहा मीटर नऊ सेंटिमीटर.

जूनमध्ये यादी लागली आणि तिचं नाव त्यात होतं. फौजींनी पुढच्या तुकडीच्या कागदात एक रिकामा रकाना वाढवला, 'घरचं काम', आणि तो भरून आणल्याशिवाय ते कोणाला गोळा देईनात. हे कोणामुळं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. कडक माणूस.

यादी लागल्याच्या चौथ्या दिवशी कुंडलिक आळ्याला जाऊन आला. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ती माणसं म्हंत्यात, दिवाळीनंतर लग्न उरकू, नोकरीचं मग बघू."

अक्षदा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग तुमी काय म्हणालात?"

"म्या म्हणलं, पोरीला इचारून सांगतो. हसली समदी." त्यानं गुडघ्यावरची टोपी सारखी केली. "म्हणून इचारतो. काय सांगू?"

त्या घरात मुलीला असं विचारलं गेल्याचं साळुबाईनं तरी पाहिलं नव्हतं. ती चहाचं पातेलं हातात घेऊन दारातच थांबली.

अक्षदानं त्याच्याकडे सरळ बघून सांगितलं. "ट्रेनिंग पुरं करनार, मग दोन वर्सं नोकरी करनार. थांबत असतील तर थांबू द्या. नसतील, तर नगं म्हनून सांगा."

"बरं," म्हणत कुंडलिक उठला.

"आत्ता कुठं? चहा तर घ्या," साळुबाई म्हणाली.

"आल्यावर घेतो. पोलिसाचा निरोप हाय, उशीर करून चालत न्हाई," असं म्हणून त्यानं टोपी घातली आणि आळेफाट्याची एसटी धरायला निघाला.