भिंतीबाहेर पुरलेली आई

"हिला आत आणायचं नाही."

पाळकसाहेब कबरस्थानाच्या फाटकात आडवे उभे होते. अंगात पांढरा झगा, काखेत बायबल. समोर हातगाडीवर माझी आई. पेटी नव्हती, सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. मे महिन्याचं ऊन. गाडी ढकलणारे वस्तीतले दोघं घामानं निथळत होते.

मावशी पुढं झाली. "सायेब, तिची बारकी पोरगी आत हाय की. तिच्याशेजारी तेवढी जागा द्या. दुसरं काय बी मागत न्हाय."

"मरीआईपुढं नारळ फोडलेली बाई ही. पश्चात्ताप न करता मेली. तिचा न्याय झालेला आहे. ती आता नरकाच्या आगीत आहे."

आई जाऊन चार तास झाले होते. एवढ्यात न्यायसुद्धा झाला.

मी चौदा वर्षांची. हातगाडीची दांडी धरून उभी.

आम्ही तिला भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला पुरलं. जमीन खडकाळ, कुदळ उडायची. खड्डा गुडघ्याच्या वर गेला नाही. कुत्री उकरतील म्हणून वर दगड रचले. प्रार्थना कुणी केली नाही. मला सगळ्या पाठ होत्या. पण नरकातल्या माणसासाठी प्रार्थना केलेली चालते का, ते मला माहीत नव्हतं. मी घाबरले.

रुती भिंतीच्या आत. आई बाहेर.

रुती माझी धाकटी बहीण. चार वर्षांची. बाप रुती पोटात असतानाच वारलेला. आई देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, झाडलोट करायची. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पण बसायचो मागच्या बाकांवर. पाळकसाहेबांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. हे ते दर दोन रविवारी सांगायचे. आमचे आजोबा कशाचे ख्रिस्ती झाले, ते सांगायची गरज नव्हती. आमचं बाक सांगायचं.

त्या साली मोठा दुष्काळ पडला. वस्तीतला आड आटला. पाळकसाहेबांच्या बंगल्याच्या आवारात विहीर होती, तिला पाणी होतं. पुढच्या बाकांवरची माणसं आत जाऊन पोहरा सोडायची. आम्ही फाटकाबाहेर रांगेत. माळी वरून ओतायचा, घराला एक घागर. विहिरीला हात लावायचा नाही. ती घागर संपली की आम्ही नाल्यात खड्डा खणून गढूळ पाणी गाळायचो.

त्या पाण्यानं रुतीला जुलाब-उलट्या लागल्या. आई बंगल्यावर गेली. आणखी एक घागर द्या म्हणाली, पोरीला नुसतं प्यायला. मॅडम, म्हणजे पाळकसाहेबांची बायको, जाळीच्या दारातून म्हणाल्या, "एकीला दिलं की सगळ्या येतील."

आईनं देवळात गुडघे टेकले. मग शेजारणीनं सांगितलं म्हणून मरीआईला गेली. नारळ फोडला. पोर मरत असताना आई जिथं दार दिसेल तिथं जाते. रुती तरीही गेली.

नारळाची बातमी बंगल्यावर पोचली. आईला प्रभुभोजनातून काढलं, म्हणजे देवळातली भाकर-द्राक्षारस बंद. माफी माग म्हणाले. ती म्हणाली, "मागते की. आदी माझी रुती का मेली ते सांगा." ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दोन महिन्यांनी ऊन लागून तिथंच पडली.

मी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात आठवीला होते, मॅडमच ते चालवायच्या. सुट्टी असूनही आईला पुरल्यावर तिथंच परत गेले. जाणार कुठं? पण झोप लागेना. रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्हाला नरकाचं चित्र दाखवायचे. ज्वाळा, त्यात माणसं, तोंडं वर केलेली. आता त्यात आईचं तोंड.

एका दुपारी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. चुलीवर तवा तापलेला. मी त्यावर बोट ठेवलं. आईला किती भाजत असेल ते बघायचं होतं. दोन मोजेपर्यंत टिकलं. फोड आला. आणि आईला कायमचं. दोन नाही, हजार नाही, कायमचं.

मावशीला विचारलं. मावशी बौद्ध झालेली. ती म्हणाली, "मी काय सांगू पोरी. मला तरी कुटं ठाव हाय."

महिन्याभरानं मॅडमनी कागद दिला. चार ओळी. येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची. माझ्या आईनं मूर्तीची पूजा केली. ती नरकात आहे. मी तिचं पाप नाकारते. प्रभूनं मला वाचवावं.

"हे म्हटलंस तर बोर्डिंगात राहशील," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मुलींसमोर चुकीचं उदाहरण नको."

आठवडाभर मी बायबल घेऊन बसले. नरक जिथं जिथं आहे ते सगळं वाचलं. मूर्ती पूजणाऱ्यांना आग, असं होतं. लपवत नाही, होतं. पण दुसरीकडं वेगळंच सापडलं. राजा न्यायाला बसतो, शेरडं-मेंढरं वेगळी करतो, आणि विचारतो काय? भुकेल्याला जेवू घातलं का. तहानेल्याला पाणी दिलं का. ज्यांनी दिलं नाही ते आगीत. तेवढंच.

हे पान मी पाठ केलेलं होतं. बक्षीसही मिळवलेलं. वाचलं मात्र त्या दिवशी.

रविवारी पुढं गेले. कागद हातात.

"मोठ्यानं," पाळकसाहेब म्हणाले.

"माझी आई..." म्हणाले आणि कागद खाली केला. मग कुठून आलं कोण जाणे. "माझी आई कुठं आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. रुतीला पाणी पाहिजे होतं. विहीर तुमच्या आवारात होती."

मागच्या बाकांवर माझीच माणसं. त्यांनी माना खाली घातल्या. त्यांचा मला राग नाही. सोमवारी त्यांना घागर भरायची होती.

दुपारपर्यंत माझी पत्र्याची पेटी बोर्डिंगाच्या फाटकाबाहेर ठेवलेली होती. शाळा तिथं संपली. मावशीजवळ मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसले. पाळकसाहेबांना काही झालं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी उपदेश केला, लोकांनी ऐकला. दोन-तीन वर्षांनी भिंतीबाहेरून रस्ता गेला. दगड गेले. आई नेमकी कुठल्या जागी आहे, ते आता मला दाखवता येत नाही.

भीती गेली का? नाही. आजही ताप आला की ज्वाळाच दिसतात. लहानपणी घातलेली भीती हाडात बसते.

पण मी ख्रिस्ती आहे. देवळाच्या वहीतलं माझं नाव मी कुणाला कापू दिलं नाही. दर रविवारी देवळात जाते. प्रार्थनेत क्षमेची ओळ येते. आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली, असं सगळे म्हणतात. तिथं मी तोंड मिटते. शेजारच्या बायका बघतात. बघू देत. मी क्षमा केलेली नाही, आणि देवासमोर खोटं बोलणार नाही. याबद्दल मला आगीत टाकायचं असेल तर त्यानं टाकावं. त्यानं. कुठल्या माणसाला मी तो हक्क देणार नाही.