दोन फटक्यांमधलं चालणं

माझा थोरला भाऊ अडतीस वर्षं गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या बॅगा वाहत होता. हे काम करणाऱ्याला कॅडी म्हणतात. खेळणारा पुढे, स्टिकांची जड बॅग खांद्याला लावून हा मागे. चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं आणि विचारलं तर तिथून खड्ड्यापर्यंतचं अंतर सांगायचं. पावलांनी मोजून मोजून त्याची नजर अशी तयार झाली होती की मैदानावर सगळे त्याला 'टेप' म्हणायचे. "एकशे चाळीस आहे साहेब, पण एकशे पन्नास धरून मारा, वारा समोरचा आहे." एवढं बोलला की त्याचं बोलणं संपलं. न विचारता बोलणारा कॅडी कुणालाच नको असतो म्हणे. ती सवय घरीही आली. वहिनी म्हणायची, "यांना भाजीत मीठ पडलंय का, हेसुद्धा आपणच विचारायचं."

त्याचे कायमचे साहेब म्हणजे दातांचे एक डॉक्टर. बावीस वर्षं, दर रविवारी सकाळी सहाला. अठरा खड्डे, चार तास. त्यात चेंडू मारण्यात किती वेळ जात असेल? फार तर पंधरा मिनिटं. बाकी सगळं चालणं. आणि चालताना डॉक्टर बोलायचे. बायकोचं आजारपण, मुलीचं मोडलेलं लग्न, खुर्चीत बसायच्या आधीच ओरडणारे पेशंट. दादा मागून ऐकायचा. वहिनी गेली तेव्हा पुढच्याच रविवारी हा बूट घालून मैदानावर निघाला, म्हणून मी चिडले होते. नंतर कळलं, त्या दिवशी बॅग डॉक्टरांनी स्वतः उचलली होती आणि दादा रिकाम्या हातांनी त्यांच्या शेजारून चालला होता. चार तासांत दोघंही एक अक्षर बोलले नाहीत.

मग मैदान विकलं गेलं. तिथे इमारती उठल्या. डॉक्टर म्हातारपणी मुलीकडे गेले, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. दादा रविवारी आमच्याकडे येऊ लागला. दोन गल्ल्या सोडून राहतो, पण सहालाच दारात. माझा जप चालू असायचा. तो बूट न काढता बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. मी विचारायची, "आत ये की." तो म्हणायचा, "येतो." आणि तिथेच.

मागच्या वर्षी डॉक्टरांकडून तीन खोकी आली. फोनवर ते म्हणाले, "टेप, मुलीने मला नवीन सेट घेऊन दिलाय, जुना तुला पाठवलाय. माझी जुनी बॅग आहे स्टिकांसकट, जाळी आहे, पांढरा पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, चेंडूचा वेग मोजणारा डबा आहे. पडद्यावर मैदान दिसतं. तू तिथून मारायचं, मी इथून. रविवारी सहाला. फक्त कॉम्प्युटर तेवढा तू बघ."

आमची गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामंच होतं. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, गाडी ठेवायची ऐपत नाही पण मैदान ठेवायची आहे." दोघांनी मिळून पडदा टांगला.

कॉम्प्युटरच्या दुकानात दादाबरोबर मी गेले. मालकीण तिशी-पस्तिशीची, चष्मा डोक्यावर, हात सतत कुठल्या तरी वायरीत.

"गेमिंगसाठी हवाय का काका?"

"नाही. गोल्फसाठी."

"म्हणजे तेच ते." तिने समजावलं की खेळाचं चित्र काढायला आत एक वेगळं कार्ड असतं. ते जितकं दमदार, तितकं चित्र झटकन येतं. "नाहीतर मैदान अडकत अडकत येईल, चेंडू हवेतच लटकेल."

"गवत कशावर चांगलं दिसतं?" दादाने विचारलं.

तिने सगळ्यात तगडा कॉम्प्युटर चालू करून दाखवला. एकेक पातं वेगळं दिसत होतं. दादा नाक लावून बघत राहिला. "झाडांच्या सावलीतलं गवत इतकं हिरवं नसतं."

"काका, कंपनीला पत्र लिहा," ती हसत म्हणाली. "आठ दिवस वापरून बघा. नाही पटला तर बदलून देते."

पहिल्या रविवारी सहाला गॅरेजातून धप्प धप्प आवाज सुरू झाले. मी जप आटोपला, दूध तापवलं, दोन खोल्या झाडल्या आणि चहा घेऊन गेले तर सगळं शांत. सात वाजायला आले होते. दादा हातात स्टिक धरून पडद्यासमोर उभा.

"का रे, बंद पडलं?"

"संपलं."

"अठराच्या अठरा?"

"हो. साहेब खूश होते. 'झकास, भेटू पुढच्या रविवारी' म्हणाले आणि ठेवला फोन." चहा हातात घेतला, पण प्यायला नाही. म्हणाला, "चेंडू मारला की लगेच आपण चेंडूपाशीच असतो गं. मधलं चालणं कुठे गेलं?"

सोमवारी त्याने कॉम्प्युटर खोक्यात भरला आणि दुकान गाठलं. मला सोबत नेलं, कारण बोलावं लागणार होतं.

"काय बिघडलं?" मालकिणीने विचारलं.

"फार वेगात आहे."

"काका, ही तक्रार आहे की कौतुक?"

दादा कपाटांवरून नजर फिरवत होता. कोपऱ्यात, कुणी तरी बदलून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर होता. "तो?"

"तो खेळ चालवतो, पण रडतखडत. दर फटक्यानंतर अडकतो."

"किती?"

तिला कळेना, पण तिने चालू करून दिला. दादाने बटण दाबायला सांगितलं आणि काउंटरपासून दारापर्यंत चालू लागला. तिथून परत. पुन्हा दारापर्यंत. चौऱ्याऐंशी पावलं झाली तेव्हा पडद्यावर पुढचं गवत उगवलं.

"हाच द्या."

"काका, अहो, शत्रूलासुद्धा मी हा विकणार नाही."

"हाच द्या," दादा म्हणाला. एकाच दिवसात इतकं बोललेला मी त्याला फार वर्षांनी पाहिला.

त्या रविवारी मी गॅरेजात इस्त्रीचं टेबल मांडून बसले. दादाने चेंडू मारला. पडद्यावर 'थांबा' असं आलं. त्याने बॅग खांद्याला लावली आणि गॅरेजात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारू लागला. फोन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर होता, आवाज मोठा केलेला.

"टेप, झोपलं का रे तुझं यंत्र?"

"येतंय साहेब."

मग डॉक्टर आपणहून बोलू लागले. मुलीच्या घरात प्रत्येक दाराला वेगळी किल्ली आहे. नातवाचे दात वेडेवाकडे येताहेत, पण यांना कुणी तोंड उघडून दाखवत नाही. "अरे, चाळीस वर्षं लोक रांग लावून माझ्यापुढे आ करायचे, आणि घरचं पोर तोंड मिटून बसतं." दादा हसला. मी इस्त्री थांबवून वर पाहिलं, खरंच हसला होता. साडेतीन तास झाले त्यांचे.

दुसऱ्या रविवारी डॉक्टर कमी बोलले. तिसऱ्याला तेराव्या खड्ड्यापाशी म्हणाले, "आज इथेच थांबू या का?" दादा म्हणाला, "बरं साहेब." का, म्हणून विचारलं नाही. स्टिका पुसत बसला. एरवी दहा मिनिटांत होणारं काम त्याला दुपारपर्यंत पुरलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मलाच फोन केला. "ताई, त्याला चांगला कॉम्प्युटर मी पाठवतो. संकोचाने त्याने स्वस्तातला घेतलेला दिसतो."

जपाची माळ हातात असताना खोटं कसं बोलू? म्हटलं, "चांगलाच आणला होता डॉक्टर. त्याने परत केला. चित्र फार लवकर यायचं म्हणून."

"असं," ते म्हणाले. मग हळूच, "ताई, माझी कंबर गेलीय. तासभर उभा राहतो तोही गोळी घेऊन. मधे बसलो की उठवत नाही. पटकन संपलं तर जमतं तरी. त्याला सांगू नका. बावीस वर्षं त्याने मला ताठ चालताना बघितलंय."

मी सांगणार नाही म्हटलं. चार दिवस पाळलंही. पण शनिवारी संध्याकाळी दादा आला, बाकावर बसला आणि न विचारता बोलला, "कंटाळले असतील का गं मला?" हे ऐकल्यावर दिलेला शब्द माझ्याच्याने पाळवला नाही. परमेश्वराने क्षमा करावी. सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि उठला. "दुकान उघडं असेल का आता?"

मालकिणीने त्याला बघून कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही कॉम्प्युटर घेताय की माझी परीक्षा?" पण पहिला कॉम्प्युटर तिने काढून दिला.

रविवारी पन्नास मिनिटांत अठरा खड्डे झाले. डॉक्टर म्हणाले, "अरे, तुझं यंत्र सुधारलं की!"

"हो साहेब. आता तुम्ही बसा."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काही नाही. दादा फोनकडे बघत उभा. समोरासमोर बसून बोलायची सवय दोघांनाही कधी नव्हती. डॉक्टर एकदा खाकरले. "बरं मग," म्हणाले.

"साहेब, ठेवू नका." दादाने फोन शर्टाच्या वरच्या खिशात घातला, बॅग खांद्याला लावली आणि गॅरेजाबाहेर पडला. जाता जाता त्याचा आवाज ऐकू आला, "तुम्ही बसा साहेब, मी चालतो."

शेजारीण गच्चीवरून ओरडली, "तुमचे भाऊ बॅग घेऊन कुठे निघाले?" मी म्हटलं, "कामाला."

दहा वाजून गेले तरी पत्ता नव्हता. मी फाटकात जाऊन उभी राहिले. रस्ता सरळ आहे, टोकापर्यंत दिसतो, रविवारचा अगदी रिकामा. शेवटी तो येताना दिसला, एकटाच, घामाने भिजलेला, खिशातला फोन तळहाताने दाबून धरलेला.

"अरे, काय बोलताय तरी काय इतका वेळ?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "झोप लागलीय त्यांना. मघाशीच, नदीच्या पुलापाशी."

"मग ठेव की फोन. ये जेवायला."

"जागे झाले की विचारतील, कुठवर आलो ते," तो कुजबुजला आणि फाटकाबाहेरूनच वळला.