येमुलवारांच्या सुनेनं दाखवलेला सिनेमा

तेलंगीण, तेलंगीण म्हणून ज्या बाईले उभी गल्ली हाका मारे, तिचं नाव शामला होतं. हे मी मुद्दाम पहिले सांगून राहिली, कारण तिच्या सासूनंही ते नाव कधी धड तोंडात घेतलं नाही. अन् गंमत पाहा! सासू इंदूबाई येमुलवार, जातीनं पद्मशाली, म्हणजे मूळची तेलंगणातलीच. पण दोन पिढ्या नागपुरात हातमागावर लुगडे विणता विणता घरातले सारे तेलुगू विसरून गेले. सून मात्र जातीतलीच पाहिजे म्हणून पार तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाहून पोरगी आणली, अन् ती तेलुगूत एक शब्द बोलली का इंदूबाईचं टकुरं फिरे. "माह्या घरात हे कुडबुड चालणार नाही. मराठी बोल, नाही तं तोंड बंद ठेव."

शामला तोंड बंद ठेवे. मागावर बसलेल्या नवऱ्याले सुताच्या कांड्या भरून दे, स्वयंपाक करे, सासूचे पाय चेपे. नवरा मधुसूदन आईसमोर नुसता नंदीबैल. आई म्हणे तशी मान हलवे. मी त्यांची शेजारीण, भागीरथा. दोन्ही घरांची भिंत एकच, त्यामुळं मले सारं ऐकू ये.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट असेल. सिरोंचाकडचा एक माणूस सूत घ्यायले इतवारीत आला अन् शामलाले निरोप देऊन गेला का तुझ्या बापानं खाट धरली, पोरीले एकदा पाह्यचं म्हणते. इंदूबाई म्हणे, "पाहू." सासूच्या 'पाहू'चा अर्थ कोण्या सुनेले सांगा लागत नाही. तिचं पाहणं काही संपेना.

मंग शामलाच्या मनात आलं. रविवारी सकाळी टॉकीजमध्ये तेलुगू सिनेमा लागे, रेल्वेतल्या तेलुगू लोकांसाठी. त्या रविवारी घरगुती, हासण्याचा लागला होता. सासू-सुनेच्या कुरबुरी अन् शेवटी सारे गळ्यात गळे घालते म्हणे. म्हातारी एकदा पोटभर हासली का माहेरी पाठवाले नाही म्हणणार नाही, असा तिचा हिशेब. "आत्या, चला ना. मी तुमाले सारं मराठीत सांगते." सिनेमा म्हटलं का इंदूबाई पाटल्या घालून तयार. मलेही ओढून नेलं.

काय सांगू तुमाले, त्या दिवशी पोरगी जी बोलली! वर्षभर मिटलेलं तोंड उघडलं तिनं. पडद्यावरची सासू मडक्यात लाडू लपवे, अन् सून लाडू खाऊन त्यात कांदे भरून ठेवे. सुनेनं असा कांदा दाखवला का लोक टाळ्या पिटे. शामलानं मात्र सारं उलटं करून सांगितलं. सासू बिचारी शहाणी, सून खादाड, चोरटी. लबाडी केली का? केली! जन्मदात्या बापासाठी केली. इंदूबाई हासून हासून माह्या अंगावर लोळली. मध्यंतरात चने खाता खाता स्वतःच म्हणाली, "जा वं मंगळवारी सिरोंचाले. मधू बसवून देईन बसमध्ये." शामलानं पदराआडून माहा हात असा दाबला का माही बांगडी फुटली.

मध्यंतर संपलं. पडद्यावरच्या सुनेच्या माहेरचा एक माणूस आला, तिच्या कानात काही बोलला. सून छाती पिटून रडाले लागली. पडद्यावरची सासू घाबरली, तिनं पाठ फिरवली. तशी सुनेनं जीभ काढली, त्या माणसाले डोळा मारला अन् नाचत नाचत पेटी भराले लागली. टॉकीज हासून हासून फुटाले आली.

"काय झालं वं? काहून हासून राहिले लोक?"

"काही नाही, आत्या. तिचे बाबा आजारी आहे."

"बाप आजारी अन् लोक हासते? मले बयाड समजते का वं?" इंदूबाई उठून उभी झाली. "हेच सोंग तू माह्यासमोर करून राहिली!"

"नाही वो आत्या, माहे बाबा खरंच..."

"ही पण खरंच म्हणून राहिली!" असं म्हणून म्हातारीनं पडद्याकडे बोट केलं. पुढच्या रांगेतले लोक मागं वळून आमच्याकडेच पाहून हासाले लागले. माह्या जिवाचा असा संताप झाला का वाटलं, त्या म्हातारीच्या तोंडात चन्याचा पुडा कोंबावा.

मंगळवार आला अन् गेला. मधुसूदनले मी भिंतीवरून चांगलं झापलं. तर तो मेला खाली मान घालून म्हणे, "आई म्हणते तं असंन तसं." शामला कांड्या भरत होती. एकदा माह्याजवळ आली, म्हणे, "मावशी, मीच नेलं ना तिले."

पंधरा-वीस रोजांनी तिचा भाऊ दारात उभा झाला. डोक्याचं मुंडन केलेलं. मोडक्या मराठीत म्हणे, नान्ना, म्हणजे बाबा, गेले. शेवटपर्यंत रस्त्याकडे तोंड करून होते. आई एकटी आहे, चार रोज बहिणीले नेतो.

इंदूबाईनं पदर डोळ्याले लावला. "अरे बाप्पा! मंग नीट सांगाचं ना पोरीनं. आम्ही काय राक्षस आहो? पाठवली नसती का?" अन् लगेच म्हणे, "पण आता जाऊन काय करते? झालं ना सारं. इथं सणाचा माल निघाचा आहे. तुम्ही चहा घ्या."

शामला चहाची कपबशी घेऊन आली. भावाच्या समोर बसली अन् तेलुगूत बोलाले लागली. हळू, पण थांबलीच नाही. त्यानं बशी खाली ठेवली, मुंडन केलेलं डोकं दोन्ही हातात धरलं अन् लेकरावानी हुंदके देऊन रडला.

इंदूबाईच्यानं राहावलं नाही. "काय सांगितलं वं त्याले?"

"काही नाही, आत्या. म्हटलं आईले सांग, शामला सुखात आहे. सासू खूप जीव लावते."

इंदूबाई खूश झाली. मले तेलुगू येत नाही, पण एवढं ऐकून कोणी असं रडते का?