पूर्णगडच्या काकींचा कटऑफ

"मॅडम, तेवढा कटऑफ काढून द्या. बाकी मशीन उत्तम आहे," आंबेरकरकाकांनी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं.

मी रत्नागिरीत दवाखान्यांची उपकरणं दुरुस्त करते. हे मशीन मुठीएवढं, बॅटरीवर चालणारं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्याला बांधायचे आणि वीस मिनिटं दोन मिलिअँपिअर करंट सोडायचा. साध्या टॉर्चलाही याहून कितीतरी जास्त लागतो. शॉक ट्रीटमेंट वेगळी. इथे पेशंट जागा असतो, थोडं चुणचुणतं. डिप्रेशनमध्ये काहींना याचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही.

काकांच्या बायकोला, काकींना, होत होता. वर्षभर खोली न सोडलेली बाई दवाखान्यातल्या दहा सेशननंतर पडवीत येऊन बसू लागली. मग डॉक्टरांनी मशीन घरी दिलं. घरी ते रोज तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बंद पडू लागलं. सहा दिवस असेच गेले. काकी पुन्हा खोलीत.

मी पूर्णगडला गेले. आधी मशीनला माणसाऐवजी पाच हजार ओहम अडथळ्याचा रेझिस्टर जोडला. वीस मिनिटं करंट दोनवरून हलला नाही.

"मशीन चांगलं आहे, काका."

"मग बंद का पडतं?"

"करंट ठरलेला आहे. वाटेत अडथळा वाढला की तो टिकवायला मशीन व्होल्टेज वाढवतं. पाच हजार ओहमला दहा व्होल्ट, दहा हजाराला वीस. सव्वीसला कटऑफ, म्हणजे आपोआप बंद."

"म्हणून तर काढा म्हणतो. सहा दिवस भरून काढायचेत. दिवसातून दोनदा लावीन."

"नाही काढणार."

"हवं तर लिहून देतो. जबाबदारी माझी."

"सही तुमची आणि कपाळ काकींचं?"

आतून आवाज आला, "कपाळवालीला पण विचारा हो कुणीतरी." काकी दारात येऊन उभ्या होत्या.

मी म्हटलं, "काका, रोज करता तसंच सगळं करा. मी नुसती बघते."

काकांनी हात धुतले. मीठ मोजून पाण्यात घातलं, स्पंज भिजवले. सगळं बरोबर. मग त्यांनी कोमट खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि काकींच्या डोक्यावर तेल थापायला सुरुवात केली. पार कानशिलापर्यंत.

"हे काय?"

"डोक्यात वीज सोडायची म्हणजे डोकं तापणार ना? म्हणून आधी तेल. एक दिवस चुकवलेलं नाही."

त्यांनी स्पंज बांधून मशीन सुरू केलं, मी अडथळ्याचा आकडा बघितला. सुरुवातीलाच अकरा हजार. तिसऱ्या मिनिटाला तेरा हजार, आणि मशीन बंद. तेलातून करंट जात नाही. जिथे तेल लागलेलं नसतं तेवढ्याच जागेतून तो सगळा घुसतो. स्पंज काढला तर केसांच्या कडेला हरभऱ्याएवढा लाल डाग.

"हे कटऑफ असून. नसता तर इथे भाजलं असतं."

काकांनी तेलाची वाटी दूर सरकवली. "म्हणजे सहा दिवस मीच..."

"छत्तीस वर्षांत पहिल्यांदा डोक्याला तेल लावलंत," काकी म्हणाल्या, "ते पण नको तेव्हा."

डॉक्टरांना फोन लावला. डाग जाईपर्यंत बंद. नंतर केस धुऊन, पूर्ण वाळवून, दिवसातून एकदाच, आठवड्यातून पाच दिवस. राहिलेलं भरून काढायचं नाही.

"मग शनिवारी तेल आणि रविवारी न्हाणं," काकींनी परस्पर ठरवून टाकलं. काकांनी तेलाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली.

चार दिवसांनी काकांचा फोन: "पाच हजार चारशे. पूर्ण वीस मिनिटं!" मग ते रोज आकडा कळवायला लागले. मी मागितला नव्हता.

कोर्स संपल्यावर काकी सकाळी बंदरावर जाऊन मासळीचा भाव पाडू लागल्या. अजूनही एखादा दिवस खोलीतच जातो. यात करंटचा वाटा किती, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गोळ्याही चालू आहेत. वेगळा काढून सांगता येणार नाही."

सर्व्हिस रिपोर्टमध्ये मी लिहिलं: दोष नाही, कटऑफ कायम. मशीन सारखं अडतंय अशी तक्रार आली की आता मी आधी विचारते, सुरू करण्यापूर्वी तुम्ही काय काय करता? अडणारं मशीन बऱ्याचदा आपलं काम चोख करत असतं.